‘निबंध’ शब्दाचा नाशिक येथील पूर्वेतिहास

इंग्रजी ‘एसे’ या शब्दाला मराठीत ‘निबंध’ हा प्रतिशब्द इतका रुळून गेला आहे की, या दोन शब्दांच्या मूळ अर्थांत मेळ नाही ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘एसे’ हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील ‘एक्साजियम’, म्हणजे वजन करणे, या शब्दात आहे. सोन्यारुप्याचा कस पाहण्याला इंग्रजीत जो शब्द आहे तोही याच कुळातला. माँतेन्य याने १५८० साली आपल्या लेखनाला हे नाव दिले तेव्हा स्वतःच्या विचारांचा कस लावून पाहणे हाच अर्थ त्याला अभिप्रेत होता. १५९७ मध्ये बेकनने ते नाव इंग्रजीत आणले. उलट ‘निबंध’ म्हणजे बांधणे, पक्के करणे. ‘नीट बांधलेली रचना तो निबंध’ ही शालेय पुस्तकांतील व्युत्पत्ती धात्वर्थाच्या दृष्टीने खोटी नाही. परंतु हे ‘बांधणे’ प्रथम कशाचे होते, याविषयी ती काहीच सांगत नाही. त्याचे उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेले आहे.

नाशिकच्या दक्षिणेस असलेल्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकी ४२ व्या वर्षाच्या लेखात, लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची अक्षय ठेव ठेवल्याचे सांगितले आहे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतविलेली होती : २,००० कार्षापण दरमहा दरशेकडा एक या व्याजाने व १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज भोगावयाचे. त्यांपैकी २,००० कार्षापणांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. वीस कार्षापण महिन्याचे, म्हणजे दोनशे चाळीस वर्षाचे. हिशेब तंतोतंत जुळतो. याच लेखात पुढे असे म्हटले आहे की, हे सर्व निगमसभेत ऐकविले आणि रिवाजाप्रमाणे ‘फलकवारे’ ‘निबध’ केले. ‘फलकवार’ म्हणजे फलकांवरील नोंदींचे दफ्तर असा अर्थ अभ्यासकांनी केला आहे. तेव्हा येथे ‘निबध’ याचा अर्थ उघड आहे : जे सभेत वाचून दाखविले ते दफ्तरात दाखल झाले. विणकरांची श्रेणी उद्या व्याज देण्यास नाकबूल झाली, तर भिक्षुसंघाला आधार या नोंदीचाच.

उषवदाताचा हा प्रयोग एकटा असता तर त्यावर फार भार देणे योग्य झाले नसते. परंतु तिसऱ्या लेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीच्या शासनांत तोच धातू आज्ञार्थी रूपाने आला आहे. १८ व्या वर्षी गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला, भिक्षूंना दिलेल्या शेताच्या सवलती ‘निबद्ध’ करविण्याची आज्ञा होते. २४ व्या वर्षाचा लेख तर आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. तो गौतमीपुत्र व राजमाता या दोघांच्या वतीने अमात्य सामक याला उद्देशून आहे. ककखडी गावचे पूर्वी दिलेले शेत कसले जात नव्हते, गावही ओसाड पडले होते; म्हणून त्याऐवजी नगरसीमेवरील राजकीय शेतातून शंभर निवर्तने जमीन दिली. (नोंद पक्की असली तरी नांगर चालतोच असे नाही, हे सातवाहनांच्या अधिकाऱ्यांनाही कळून चुकले होते.) या शासनाच्या अखेरीस ‘लेखो’ आणि ‘निबधो’ असे दोन वेगळे शब्द असून दोहोंच्या मिती वेगळ्या आहेत. पहिल्याची मिती वर्षाऋतूच्या चौथ्या पक्षातील, दुसऱ्याची ग्रीष्माच्या दुसऱ्या पक्षातील. लिहिणे हे एक कार्य, निबंध हे दुसरे. शब्दाचा हा काटेकोर भेद दाखविणारा याहून स्पष्ट पुरावा निदान महाराष्ट्रात तरी आमच्या पाहण्यात नाही.

पुढे धर्मशास्त्रात या शब्दाला दोन फाटे फुटले. याज्ञवल्क्यस्मृतीत भूमिदानाच्या जोडीला ‘निबंध’ येतो तो कायम चालणाऱ्या ठराविक उत्पन्नाच्या अर्थाने. तेथे दफ्तराचा वास अजून शिल्लक आहे. दुसरीकडे अनेक स्मृतिवचने एकत्र ग्रथित करणाऱ्या ग्रंथाला निबंध म्हणू लागले. यादवांचा मंत्री हेमाद्री याचा तेराव्या शतकातील ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा असाच निबंधग्रंथ होय. नोंदी बांधता बांधता वचने बांधली जाऊ लागली, एवढाच हा बदल.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये पुण्यात ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा त्यांच्यासमोर आदर्श इंग्रजी एसेचा होता आणि शब्द मात्र या शास्त्रीय परंपरेतला. त्याच वर्षी लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी रा. गो. भांडारकरांनी नाशिकच्या लेण्यांतील लेखांवर विवेचन केले. या दोन घटनांचा परस्परसंबंध जोडण्याचे कारण नाही. तसेच गुंफेतील ‘निबध’ थेट मालाकारांच्या लेखणीत उतरला, असेही कोणी समजू नये. परंतु प्रतिशब्दाच्या निवडीचा परिणाम मराठी गद्यावर झाला, असे आमचे मत आहे. माँतेन्यचा लेखक साशंक असतो, बोलता बोलता मत बदलतो. मालेतील लेखक बाजू मांडतो, प्रमाणे देतो, प्रतिपक्ष खोडतो आणि निकाल देतो. १९२५ नंतरच्या दशकात फडके, खांडेकर, काणेकर यांनी मोकळ्या, आत्मपर लेखनाचा प्रकार रूढ केला, तेव्हा नुसता ‘निबंध’ हा शब्द त्याला पुरेना. त्यामागे ‘लघु’ आणि पुढे ‘ललित’ अशी विशेषणे लावावी लागली.

शब्दाचा जुना अर्थ मात्र लोपला नाही. दस्तनोंदणी करणारा अधिकारी शासकीय मराठीत ‘दुय्यम निबंधक’ होय. नाशिकमध्ये शेताचे खरेदीखत करणारा मनुष्य आजही त्याच्याकडे जातो; आधी लेख होतो, मग नोंद, आणि दोहोंच्या तारखा पुष्कळदा वेगळ्या असतात.