तळटीप १४ : आर-घटक
१४. आर-घटक : प्रतिजैविकांना निकामी ठरवणारी जनुके वाहणारे प्लाझ्मिड. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राहून वेगळे, स्वतःच्या प्रती काढणारे डीएनएचे छोटे वर्तुळ. जपानमध्ये १९५०च्या दशकात आमांशाच्या शिगेला जिवाणूंवर सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल ही चारही औषधे एकदमच चालेनाशी झाली. १९५९मध्ये कुनितारो ओचियाई आणि तोमोइचिरो आकिबा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की हा प्रतिकार ई. कोलाय आणि शिगेला यांच्यात, पेशीला पेशी भिडून, एकगठ्ठा हस्तांतरित होतो. त्यामुळे रुग्णालयात यांतले एकच औषध वापरले, तरी चारही औषधांना दाद न देणारे जिवाणू फोफावतात; लेखकाने येथे अनावश्यक औषधयोजनेविरुद्ध दिलेला इशारा म्हणूनच अक्षरशः घ्यावा. — संपा.