बिनमैदानाचा क्लब

4 जुलै 1845. लंडनच्या बाँड स्ट्रीटवरच्या ब्लेनम हॉटेलात काही तरुण जेवायला बसले होते. हॅरो शाळेच्या पोरांशी क्रिकेटची मॅच खेळून आलेली ही मंडळी, पोटात अन्न आणि अंगात मस्ती. बोलता बोलता त्यांनी एक क्लब काढला. जॉन लोरेन बाल्डविन आणि फ्रेडरिक व स्पेन्सर हे पॉन्सनबी बंधू हे त्यातले म्होरके. नाव ठेवलं ‘आय झिंगारी’. इटालियनमध्ये याचा अर्थ जिप्सी, भटके.

नियम सगळे थट्टेचे. प्रवेश फी शून्य, आणि वार्षिक वर्गणी प्रवेश फीपेक्षा जास्त असता कामा नये. सभासद व्हायचं तर यष्टीपुढे उभं राहायचं. हातात बॅट द्यायची की नाही ते समिती ठरवणार, आणि चेंडू एकच. पण एक गोष्ट थट्टेवारी नेण्याजोगी नव्हती. क्लबाला स्वतःचं मैदान नव्हतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी यांची किटबॅग.

हौशी दौऱ्यांची कुळी शोधताना मी या जेवणाशी येऊन थांबतो, ते या उणिवेमुळे. मैदान नाही म्हणजे प्रत्येक मॅचला यजमान आला. खेळपट्टी त्याची, जेवण त्याचं, लांबच्या गावी रात्रीचा मुक्कामही त्याच्याकडे. दिवसभर ज्याच्या चेंडूंनी नडग्या शेकल्या, संध्याकाळी त्याच्याच पंगतीला बसायचं! मग ओळख वाढते, पुढल्या वर्षी पुन्हा या म्हणून आग्रह होतो. अर्थात हे जिप्सी बड्या घरचे होते. खऱ्या जिप्सींना त्याच काळात गावोगाव हुसकावलं जात होतं. त्यांच्या भाषेचं मूळ आपल्याकडचं, हे त्या जेवणाऱ्यांपैकी कोणाच्या ध्यानीमनी असेल असं वाटत नाही.

दुसरी शाखा पोटासाठी फिरणाऱ्यांची. 1846 मध्ये विल्यम क्लार्कने व्यावसायिक खेळाडूंचा संघ बांधला आणि गावोगावच्या बावीस-बावीस जणांशी मॅचेस लावून तिकिटांचे पैसे केले. समुद्र आधी ओलांडला तो याच जातीच्या लोकांनी. 1859 मध्ये जॉर्ज पारचे बारा व्यावसायिक उत्तर अमेरिकेला जाऊन आले. 1861-62 चा ऑस्ट्रेलिया दौरा तर स्पायर्स अँड पाँड या खाणावळवाल्या जोडीने काढला, आणि तोही चार्ल्स डिकन्स व्याख्यानांना येत नाही म्हटल्यावर.

हौशी इंग्रज बोटीवर चढले ते 1872 मध्ये. आर. ए. फिट्झजेराल्डचा संघ कॅनडा-अमेरिकेला गेला, बरोबर चोवीस वर्षांचा डब्ल्यू. जी. ग्रेस. रोज रात्री मेजवानी आणि मेजवानीनंतर भाषण. ग्रेसला भाषणाचा कंटाळा. त्याने एकच वाक्य पाठ करून ठेवलं : इतकी चांगली गोलंदाजी मी आजवर पाहिली नाही, पुढेही अशीच पाहायला मिळो. पुढच्या गावी गोलंदाजीच्या जागी मैदान, मग सुंदर मुली, मग ताटातली कालवं. पाहुण्याने यजमानाची स्तुती करण्याचा साचा तेव्हाच तयार झाला. तो अजून झिजलेला नाही.

मुंबईचे पारशी 1886 मध्ये इंग्लंडला गेले. 28 मॅचेस खेळले, 19 हरले, जिंकली फक्त एक. हात पोळले तरी 1888 मध्ये पुन्हा गेले. या वेळी 31 पैकी आठ जिंकल्या, आणि मेहेलाशा पावरी यांनी 170 बळी घेतले. परतभेट यायला वेळ लागला नाही. 1889-90 च्या थंडीत जी. एफ. व्हर्ननचा हौशी संघ हिंदुस्थानात आला. जानेवारी 1890 च्या अखेरीस बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर पारशांनी त्याला चार गडी राखून हरवलं, दुसऱ्या डावात पावरींचे सात बळी. गंमत अशी, की ज्या जिमखान्याच्या मैदानावर हा पराक्रम झाला, त्या जिमखान्याचं सभासदत्व फक्त गोऱ्यांसाठी होतं. खेळायला या, राहायला नको.

गोऱ्यांना नावं ठेवून आपण सुटत नाही. पुण्यात बाळू पालवणकर महिना चार रुपयांवर इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकत. कॅप्टन ग्रेग नावाचा फलंदाज आपण बाद झालो की त्यांना आठ आणे देई, असं सांगतात. बाळूंची डावखुरी फिरकी पाहून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतलं. ते जन्माने चांभार. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू चालला, पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि जेवणाला पान वेगळं मांडलं जाई. पाहुण्याला पंगतीत घेणारा खेळ आपल्याच गड्याला पंगतीबाहेर बसवत होता. त्यांच्याबरोबर खेळता तर त्यांच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, हा मुद्दा न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीरपणे मांडला.

1911 मध्ये हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडच्या बोटीत बसला. सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान, आणि कर्णधार पतियाळाचे शीख महाराज. पाच हिंदूंतले दोघे पालवणकर होते : बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम. महाराज बहुतेक वेळ मेजवान्यांत रमले. पस्तिशी गाठलेल्या बाळूंनी त्या एका उन्हाळ्यात शंभराहून जास्त गडी बाद केले.