राज्यपाल आल्या
नोव्हेंबर २००४ मध्ये प्रतिभाताई पाटील राज्यपाल म्हणून जयपूरच्या राजभवनात आल्या, तेव्हा राजस्थानच्या मुख्यमंत्री होत्या वसुंधरा राजे आणि विधानसभेच्या अध्यक्ष सुमित्रा सिंह. या तिन्ही पदांवर राज्यात पहिल्यांदाच बायका बसल्या होत्या, पण त्यासाठी नवी पदनामं घडवावी लागली नाहीत. याला मी पुरुषी शब्दांपुढची शरणागती मानत नाही. मराठीत ‘ईण’ लावून झालेलं पद बहुधा नवऱ्याकडून यायचं: पाटलीण ही पाटलाची बायको, मामलेदारीण मामलेदाराची. ‘राज्यपालीण’ म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्यानं आधी तिचा नवरा कोण ते विचारलं असतं. उलट ‘पाटील’ हे एकेकाळचं पद आडनाव झालं आणि बाईलाही बिनतक्रार चालू लागलं. जयपूरच्या राजवाड्यातही पद नवऱ्याकडूनच यायचं. सयाजीराव गायकवाडांची नात गायत्रीदेवी १९४० साली लग्न होऊन आल्या म्हणून महाराणी, १९७० साली सवाई मानसिंह गेले म्हणून राजमाता. १९६२ च्या निवडणुकीत मिळालेली खासदारकी तेवढी नात्यानं आलेली नव्हती. (मतदारांच्या डोळ्यांपुढे महाराणीच होती, हा भाग वेगळा.) लिंगनिरपेक्ष मानही इथे नवा नाही. मराठा घराण्यांतलं ‘राजे’ उदयनराजेंना लागतं तसं वसुंधरा राजेंनाही. रजपूत घरांत ‘सा’ काकोसालाही आणि बाईसालाही.

आक्षेपांना धार चढली २००७ साली, प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या तेव्हा. ‘पती’ हा शब्द बाईला कसा चालावा? व्याकरण मात्र आक्षेप घेणाऱ्यांपेक्षा मोकळं निघालं. पाणिनीनं ‘पत्नी’ हे रूप यज्ञातल्या सहभागाशी जोडलं, आणि ‘पती’ समासाच्या शेवटी आला की स्त्रीलिंगात दोन्ही रूपांना मुभा दिली. म्हणजे घराची धनीण गृहपत्नी, तशीच गृहपतीही. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: सामाईक म्हणतात तो शब्द मुळात पुरुषाचाच, त्यात बाई दिसेनाशी होते. हे निम्मं खरं आहे. व्यक्ती कोण हे ठाऊक नसलं की आपण ‘राज्यपाल नेमले जातात’ असंच लिहितो. पण व्यक्ती समोर आली की लिंग क्रियापदात उतरतं: राज्यपाल आल्या, बोलल्या, गेल्या. जयपूरच्या हिंदीत ‘राज्यपाल कल आएँगी’ म्हणताच बाई आदल्या दिवशीच कळते. मराठीत ‘राज्यपाल उद्या येतील’ यावरून काहीच कळत नाही. आले की आल्या, ते परवाच्या बातमीत.