धान्याचे वजन, माणसाचा कस

गावातल्या जुन्या अडत दुकानात तराजूशेजारी मांडून ठेवलेली लोखंडी वजने तुम्ही पाहिली असतील. पाच किलो, दहा किलो, वीस किलो. मोठ्या वजनाला उचलायला वर कडी असते. आता बहुतेक ठिकाणी विजेवर चालणारे काटे आले आणि ही वजने कोपऱ्यात गंजत पडली. तरी दुकानापुढे चार तरणी पोरं जमली, की एकाचा तरी हात त्या कडीकडे जातोच. "बघू, एका हातानं डोक्यावर नेतोस का?" असे कोणीतरी म्हणतो, आणि पैज लागते.

ही पैज काही आपल्याच गावची नाही. रशियातल्या बाजारांत आणि जत्रांतही ती लागत असे. तिथल्या वजनांपासून पुढे व्यायामाचे एक साधन निघाले. शहरांतल्या व्यायामशाळांत आज त्याला 'केटलबेल' म्हणतात. खाली लोखंडाचा भरीव गोळा, वर जाड कडी; दिसायला बिनतोटीची किटलीच म्हणा ना! त्याचे रशियन नाव 'गिर्या', आणि त्या शब्दाचा साधा अर्थ तराजूचे वजन असाच आहे. धान्य जोखणारे हे लोखंड माणसाचा कस कसे जोखू लागले, आणि त्यातून तुम्हाआम्हाला काय घेता येईल, ते आज सांगायचे आहे.

रशियात जुने माप होते 'पूद'. एक पूद म्हणजे ४० 'फुंत'. आपल्याकडे मण ४० शेरांचा, तसाच हा हिशेब. मात्र पूद आपल्या मणापेक्षा पुष्कळ लहान. सुमारे १६ किलो ३८० ग्रॅम. पुढे १९१८ साली रशियात दशमान मापे सक्तीची करणारा हुकूम निघाला. आपल्याकडे तसा कायदा १९५६ साली झाला आणि शेर-मण मागे पडले. तिकडे व्यवहारातून पूद गेला, पण तालमीतून गेला नाही. आजही केटलबेलची मुख्य वजने १६, २४ आणि ३२ किलो अशी असतात. म्हणजे एक पूद, दीड पूद, दोन पूद! आकडे किलोचे झाले, माप जुन्या बाजाराचेच राहिले.

ह्या साधनाची खुबी त्याच्या कडीत आहे. साध्या डंबेलमध्ये भार मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखा विभागलेला असतो. केटलबेलचा भार मुठीच्या बाहेर, थोड्या अंतरावर लोंबतो. त्यामुळे तो झुलवता येतो. गदा किंवा मुद्गल फिरवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. भार हातापासून दूर गेला, की नुसत्या दंडाच्या जोरावर काम भागत नाही; कंबर, पाठ आणि पाय ह्यांचा मेळ बसावा लागतो. आपल्या जुन्या तालमींत दगडी नाल असे. दगडाचे जड कडे आणि मधोमध धरायला मूठ. परंपरा निराळ्या, पण गरज सारखी: जड वस्तू हाती धरावी, आणि ती पेलताना सगळ्या अंगाला कामाला लावावे.

एकोणिसाव्या शतकात रशियन सर्कशींत आणि जत्रांत बलदंड माणसे ही वजने उचलून, फेकून, झेलून दाखवीत. इव्हान पोद्दुब्नी हा पुढे जगप्रसिद्ध झालेला मल्ल आधी काळ्या समुद्राच्या काठी बंदरात हमाली करत होता, आणि तिथूनच तो सर्कशीच्या रिंगणात आला. परंतु तोवर हा सगळा मामला तमाशाचा. ज्याच्या अंगात उपजत बळ त्याने उचलावे, बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. बळ शिकवता येते, पायरीपायरीने वाढवता येते, हा विचार त्यात नव्हता.

तो विचार आणला एका डॉक्टरने. व्लादिस्लाव क्रायेव्स्की हे सेंट पीटर्सबर्गमधले वैद्य. जन्म १८४१ चा. १८८५ साली, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, त्यांनी आपल्या घरी व्यायामप्रेमींचे एक मंडळ सुरू केले. रशियातल्या भारोत्तोलनाचा आरंभ तिथूनच मानतात. घरातच वजने मांडलेली, आणि घरमालक स्वतःही व्यायाम करणारा. वैद्य असल्यामुळे माणूस किती उचलतो एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. त्याची प्रकृती कशी आहे, व्यायामाने ती सुधारते की ढासळते, इकडे त्यांचे लक्ष असे. जॉर्ज हॅकेनश्मिट हा तरुण मल्ल १८९८ साली त्यांच्या घरी राहून तयार झाला आणि पुढे कुस्तीत जगज्जेता म्हणून गाजला. क्रायेव्स्की १९०१ साली वारले; परंतु लोखंडाला त्यांनी जी शिस्त लावली ती टिकली.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. सोव्हिएत काळात खेड्यांत आणि सैन्यात गिर्या रुळली. साधन स्वस्त, जागा थोडी, एकाच वस्तूत ताकद आणि दम दोन्ही. १९४८ साली मॉस्कोत अखिल सोव्हिएत पातळीवर तिची स्पर्धा झाली. १९८५ साली लिपेत्स्क येथे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद भरले. पुढे स्पर्धेला १० मिनिटांची मर्यादा आली. ह्या खेळातले वैशिष्ट्य असे, की सर्वांत जड वजन कोण उचलतो हे तिथे पाहत नाहीत. ठरलेले वजन १० मिनिटांत किती वेळा नीट डोक्यावर गेले, हे मोजतात. 'नीट' हा शब्द महत्त्वाचा. वर हात सरळ, गुडघे सरळ, शरीर क्षणभर स्थिर, तरच पंच ती उचल मोजतो. हात डळमळला, की मेहनत झाली तरी मोजणी नाही.

शिक्षक मित्रांनी वर्गात एक गणित जरूर घालावे. २४ किलोची गिर्या कोणी १० मिनिटांत २०० वेळा वर नेली, तर एकूण भार किती? ४,८०० किलो! ४८ क्विंटल! म्हणजे ५० किलोची ९६ पोती, एकेक करून डोक्यावर. हे नुसत्या दंडाने होणे नाही.

ह्या प्रकाराला 'स्नॅच' म्हणतात. एका हाताने वजन दोन पायांच्या मधून मागे झुलवायचे आणि न थांबता एका ओघात डोक्यावर न्यायचे. मराठीत 'हिसका' म्हणता येईल. पण हा शब्द फसवा आहे, आणि त्या फसगतीचा प्रसाद मी स्वतः घेतलेला आहे.

कॉलेजात होतो. सुट्टीत गावी आलो असता एका दुकानापुढे पैज लागली. वीस किलोचे वजन, एक हात. मी वाकलो, पाठ गोल केली आणि दंडाच्या जोरावर खरोखरच हिसका मारला. वजन वर गेले, पण उलटून मनगटामागे आदळले. ते सावरायला मी अंग वळवले आणि कमरेत कळ उठली. तीन आठवडे चटईवर पडून होतो. परीक्षेचा अभ्यास बुडाला तो वेगळाच. दुकानाचे दिवाणजी घरी बघायला आले. म्हणाले, "बाळ, ते धान्याचं माप आहे. तुझं माप त्यानं घ्यायला तू काय पोतं आहेस?" त्या वेळी राग आला. आज वाटते, त्यांनी नेमके दुखणे ओळखले होते. मी बळ दाखवायला गेलो होतो, शिकायला गेलो नव्हतो.

तर शिकायचे कसे? पहिली गोष्ट, दुकानातले वजन ह्या कामाला घेऊ नये. त्याची कडी वाहून नेण्यापुरती असते. ती अरुंद असते आणि कडा हाताला लागतात. स्नॅचमध्ये हाताचा पंजा कडीतून अलगद आत शिरावा लागतो. त्यासाठी व्यायामासाठी बनवलेली, गुळगुळीत कडीची केटलबेलच हवी. नवशिक्या पुरुषाने १६ किलोपासून, आणि बांधा लहान असल्यास १२ पासून. स्त्रियांनी ८ किलोपासून आरंभ करावा. होय, स्त्रियांनीही! ह्या खेळात त्याही उतरतात.

दुसरी गोष्ट, पायऱ्या. आधी वजन जमिनीवरून दोन्ही हातांनी उचलून पुन्हा ठेवायला शिका. पाठ सरळ, वाकणे कमरेच्या खालच्या सांध्यातून, जणू पाठीमागचे दार बैठकीच्या भागाने ढकलता आहात. हे अंगवळणी पडले, की दोन्ही हातांनी झोका. वजन पायांमधून मागे जाते, मग कंबर झटकन सरळ होते आणि वजन छातीपर्यंत आपोआप तरंगते. हाताचे काम दोरीचे; ओढणारा बैल म्हणजे कंबर आणि मांड्या. कंबर सरळ होताना श्वास बाहेर सोडावा. मग एका हाताचा झोका. मग वजन डोक्यावर स्थिर धरायचा सराव. आणि ह्या सगळ्यानंतर स्नॅच.

स्नॅचमध्ये वजन अंगाजवळून वर जाऊ द्यावे. कोपर फार दूर गेले, तर गोळा मोठे वळण घेतो आणि मनगटामागे थाडकन बसतो. वजन डोक्याच्या उंचीला येते तेव्हा मूठ थोडी सैल करून पंजा कडीतून पुढे सरकवावा आणि हात वर सरळ करावा. असे केले, की गोळा हातामागे हलकेच टेकतो. खाली आणतानाही घाई नको. कडी तळव्यातून बोटांच्या मुळाशी येऊ द्यावी. करकचून धरली, की फोड येतात आणि कातडी सोलते. समोर कोणी उभे राहू नये. वजन हातून सुटायला लागले, तर ते जाऊ द्यावे आणि आपण बाजूला व्हावे. लोखंड पडले तर जमिनीला खड्डा पडेल. ते सावरायला गेलात, तर माझ्यासारखी चटई धरावी लागेल.

आता राहिला प्रश्न व्यायामक्रम कोणता निवडावा हा. पावेल त्सात्सुलिन ह्या मिन्स्कमध्ये जन्मलेल्या शिक्षकाने २००१ पासून अमेरिकेत केटलबेलचे वर्ग रूढ केले, तेव्हापासून नाना तऱ्हेचे क्रम निघाले आहेत. शिक्षकांसाठी तिथे एक परीक्षा प्रसिद्ध झाली: २४ किलोचे १०० स्नॅच, पाच मिनिटांत. हा आकडा ऐकून पुष्कळ तरुण पहिल्या दिवसापासून शंभराच्या मागे लागतात. पण श्रोतेहो, परीक्षेची प्रश्नपत्रिका म्हणजे अभ्यासक्रम नव्हे, हे शिक्षकांना मी काय सांगावे?

क्रम निवडताना त्याला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हा क्रम माझ्या कामाशी जुळतो का? दिवसभर नांगरट किंवा मळणी करून आलेल्याला रोज तासभर लोखंड हलवायला सांगणारा क्रम उपयोगाचा नाही. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटे पुरेत. दुसरा, थांबायचे कधी हे तो सांगतो का? दम संपेपर्यंत करा, असे जो म्हणतो तो क्रम सोडून द्यावा. थकलेल्या पाठीवरच दुखापत बसते. तिसरा, वाढवायचे कसे हे तो सांगतो का? १६ वरून २४ वर जाणे म्हणजे भार दीडपट होणे. म्हणून आधी संख्या वाढवावी आणि मगच वजन.

आरंभाला एक साधा क्रम सांगतो. दर मिनिटाला दोन्ही हातांचे १० झोके, मिनिटाचा उरलेला वेळ विसावा. पहिल्या आठवड्यात अशी पाच मिनिटे. हळूहळू १० मिनिटे, म्हणजे १०० झोके. शंभरावा झोका पहिल्यासारखा दिसू लागला, की मगच एका हाताकडे वळावे. स्नॅच सुरू कराल तेव्हा एका वेळी पाचच, आणि तेही ताज्या दमाचे असताना. रक्तदाब, हृदयविकार, अंतर्गळ, पाठीचे वा खांद्याचे दुखणे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि शाळकरी मुलांच्या हाती हे साधन जाणत्या माणसाच्या देखरेखीशिवाय देऊ नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या पटांगणात किंवा दुकानापुढे पैज लागलीच, तर ती थोडी बदलून पाहा. सर्वांत जड कोण उचलतो असे न विचारता, ठरलेले हलके वजन सर्वांत नीट कोण हलवतो, आणि दमल्यावर स्वतःहून खाली कोण ठेवतो, असे विचारा. क्रायेव्स्कींच्या घरात जमणाऱ्या तरुणांना असाच एक विचारणारा भेटला होता.

आमच्या गावच्या त्या दुकानात परवा गेलो होतो. दिवाणजी आता नाहीत. वीस किलोचे ते वजन दार वाऱ्याने लागू नये म्हणून उंबऱ्याशी ठेवलेले आहे. मी गुडघ्यांत वाकलो, पाठ सरळ ठेवली, दोन्ही हातांनी ते उचलले आणि जागच्या जागी पुन्हा ठेवून दिले.