वसईची चर्चं आणि गोदाकाठची घंटा

मंडळी, ताडकळसमध्ये बसून वसईच्या जुन्या चर्चवर कशाला बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. त्याचं कारण आपल्याच गोदावरीच्या काठावर, नाशिकला टांगलेलं आहे. पंचवटीत नारोशंकराचं देऊळ आहे, त्याच्या दर्शनी भिंतीवर भली मोठी घंटा आहे. त्र्यंबकेश्वरला जाणारे आपले लोक ती बघून येतात. त्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेलं आहे. देऊळ मात्र बांधलं १७४७ मध्ये. म्हणजे घंटा देवळाहून सव्वीस वर्षांनी जुनी. मग ती आली कुठून?

ती आली वसईहून. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांनी किल्ल्याच्या आत अख्खं शहर वसवलं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाचं तिथं वेगळं चर्च होतं. शहराचं मुख्य चर्च सेंट जोसेफचं. ते १६०१ मध्ये वाढवल्याचा लेख त्या चर्चमध्येच सापडतो. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत तर पोर्तुगीज अक्षरांची थडगी आहेत. छप्परं गेली, भिंती आणि अक्षरं राहिली.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि देवळांत गेल्या. एक नाशिकला, एक भीमाशंकरला, एक वाईजवळच्या मेणवलीला.

शाळेतला धडा इथं संपतो. फिरंगी गेले, घंटा आपल्या झाल्या. पण त्या घंटा ऐकून चर्चला जाणारे सगळेच काही पोर्तुगालहून आलेले नव्हते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानात नागासाकीला हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. त्यांची आई वसईकडचीच. शेती करणारे, मासे धरणारे असे कितीतरी ख्रिस्ती लोक १७३९ नंतरही तिथंच राहिले. त्यांच्या घरात आजही सामवेदीसारख्या मराठी बोली बोलतात. आणि जानेवारी २०२० मध्ये आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादला, मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष कोण होते? वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

म्हणजे एकाच घंटेत विजयही आहे आणि मागं राहिलेल्या माणसांचा इतिहासही आहे. दोन्ही सांगितले तरच गोष्ट पुरी होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. चारठाण्याला यादवकाळातली मंदिरं आहेत. गावोगावी जुने कोरीव दगड पडलेले असतात. जीर्णोद्धाराच्या उत्साहात आपण त्यांच्यावर सरळ ऑइल पेंट मारतो. रंगाआधी दगडावर अक्षरं आहेत का, एवढं बघा. फोटो काढा, साल वाचता आलं तर वहीत उतरवून ठेवा. नाशिकच्या घंटेवर कुणी जाड रंग फासला असता, तर १७२१ दिसलं नसतं, आणि आज ताडकळसात वसईचा विषयच निघाला नसता.