बोटीवरचे रिकामे दिवस

समुद्रप्रवासाच्या इतिहासात बंदरे आणि तारखा नोंदल्या जातात. दोन बंदरांमधल्या दिवसांकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. वास्तविक आगबोटीवर मोठा प्रश्न वेळेचाच असे. पत्ते, पियानो, डेकवरच्या फेऱ्या आणि ठरल्या वेळेचे जेवण यांतून दिवस सरत. पण हा रिकामा वेळ सर्वांच्या वाट्याला सारखा येत नसे.

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी मुंबईहून 'क्लाइड' बोटीने विलायतेस निघाले. काट्याचमच्यांचा वापर ठाऊक नाही, इंग्रजी बोलण्याची भीड, कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धैर्य नाही. म्हणून ते केबिनमध्येच बसून बरोबर आणलेली मिठाई व फळे खात आणि गर्दी नसेल तेव्हाच डेकवर जात, असे ते आत्मकथेत सांगतात. इतरांची करमणूक त्यांच्यासाठी परीक्षा होती.

एकवीस वर्षांनी, नोव्हेंबर १९०९ मध्ये, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना ते याच वेळेचे धनी झालेले दिसतात. 'किल्डोनन कॅसल' बोटीवर १३ ते २२ या दहा दिवसांत, बोटीच्याच कागदांवर, त्यांनी 'हिंद स्वराज' गुजरातीत लिहून काढले. उजवा हात थकला की डाव्याने. यंत्रसंस्कृतीला नकार देणाऱ्या या संवादग्रंथाला लागणारी सलग फुरसत एका यंत्रानेच पुरवली! लेखनाचा इतिहास विचारांबरोबर फुरसतीचाही असतो. ती फुरसत कोणाला, केव्हा आपली वाटू लागते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने टाळू नये.