पुसलेल्या माणसाच्या जागी काय येतं? फोटोतून माणूस काढण्याचा इतिहास

आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल की, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरानं कॉम्प्युटरच्या भानगडीत कशाला पडावं? प्रश्न रास्त आहे. पण भानगड आमच्या घरात शिरली, आम्ही तिच्या मागे गेलो नाही. तेव्हा सुरुवात घरापासूनच करू.

आमच्याकडे १९७२ सालचा एक फोटो आहे, एम.ए.च्या वर्गाचा. बर्डीवरच्या एका स्टुडिओतले फोटोग्राफर कॅमेरा, तिकाटणं आणि काळं कापड घेऊन आले होते. (बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, सीताबर्डी हे नाव कागदावरचं, नागपूरचा माणूस 'बर्डी'च म्हणतो.) समोर खुर्च्यांवर चार प्राध्यापक, मागे आम्ही अकरा जण उभे, आणि उजव्या टोकाला, रांगेपासून हातभर अंतर ठेवून, विभागाचे शिपाई. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली छापील नावं: 'बसलेले डावीकडून', 'उभे डावीकडून'. असा एखादा फोटो तुमच्याही घरी असेलच.

यंदा आम्हा वर्गमित्रांचं भेटायचं ठरलं. फोटो स्कॅन करून सगळ्यांना पाठवण्याचं काम आमच्या नातीकडे आलं. तिनं डाग काढले, चिरा बुजवल्या. मग म्हणाली, "आजोबा, हे टोकाला उभे आहेत ते काका कोण? खाली यांचं नाव तर नाही. काढून टाकू का? फ्रेम नीट दिसेल." आम्ही म्हणालो, "बघ बाई, तुला ठीक वाटेल तसं कर." त्यात आमचा होकार होता, हे कबूल करायला हवं.

तिनं ते एआयवालं साधन घेतलं, माणसावरून ब्रश फिरवला. माणूस गेला, पण भिंतीवर त्याची सावली तशीच राहिली. दुसऱ्यांदा केलं तर त्या जागी एक नवाच माणूस उभा! पांढरा शर्ट, चेहरा कुणाचाच नाही, हाताची बोटं एकमेकांत विरघळलेली. नात ओरडली, "आजोबा, हे काय होऊन राहिलं? एकाला काढलं तर दुसरा येऊन राहिला!" तिसऱ्यांदा तिनं सावलीसकट निवड केली आणि मग काम झालं. विटा, विटांमधल्या सिमेंटच्या रेघा, भिंतीवरचं ऊन, सगळं जिथल्या तिथे. पाहणाऱ्याला शंका यायची नाही. नात खूश झाली. आम्हाला मात्र तो तिसरा फोटो पाहवेना.

दोन फसलेले प्रयत्न आणि एक जमलेला. पहिले दोन का फसतात, ते दुरुस्त कसे करायचे, आणि जमलेला तिसरा आम्हाला का टोचला, हा आजचा विषय. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

फोटोवर हात फिरवण्याची कला फोटोग्राफीच्या जवळपास बरोबरीनंच जन्मली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ साली, म्हणजे आपल्याकडेही ही विद्या फार उशिरा आली असं नाही. स्टुडिओच्या आतल्या खोलीत रिटचिंग करणारा माणूस बसायचा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं: तिथे पेन्सिलीनं काळं केलं की छापलेल्या फोटोत ती जागा उजळते, आणि पात्यानं खरवडलं की ती काळी होते. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या अशाच जायच्या. स्थळाला दाखवायचा मुलीचा फोटो 'साफ' करून देणं हा तर स्टुडिओचा रोजचा धंदा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ती निगेटिव्ह उजेडात तिरपी धरली की पेन्सिलीच्या रेघा चमकतात. म्हणजे काय बदललं याची साक्ष त्याच काचेवर किंवा फिल्मवर राहत असे.

व्रण काढण्यापासून माणूस काढण्यापर्यंत जायला सत्ता लागली. ५ मे १९२० रोजी मॉस्कोत लेनिन लाकडी मंचावरून सैनिकांपुढे भाषण करत होते. मंचाच्या बाजूच्या पायऱ्यांवर ट्रॉटस्की आणि कामेनेव्ह उभे होते. पुढे स्टालिनच्या काळात हे दोघे नकोसे झाले आणि छापल्या जाणाऱ्या फोटोतून गेले. त्यांच्या जागी काय आलं? लाकडी पायऱ्या. दुसरा फोटो मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठचा. स्टालिनच्या शेजारी गुप्त पोलिसांचा प्रमुख येझोव्ह चालतो आहे. १९४० मध्ये त्याला गोळी घातली गेली आणि फोटोत त्याच्या जागी कालव्याचं पाणी आलं. डेव्हिड किंग या ब्रिटिश संग्राहकानं असे फोटो वर्षानुवर्षं जमवले आणि १९९७ साली 'द कमिसार व्हॅनिशेस' हे पुस्तक काढलं. त्यात मूळ आणि बदललेला फोटो शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्ही उरले म्हणून चोरी कळली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. माणूस 'काढला' असं आपण म्हणतो, पण नुसतं काढता येत नाही. कात्रीनं कापलं तर भोक पडेल. भोक दिसू नये म्हणून तिथे काहीतरी घालावंच लागतं, पायऱ्या म्हणा, पाणी म्हणा. पुसणं हे खरं तर भरणं आहे. आणि भरणाऱ्याला माणसाच्या मागे काय होतं हे ठाऊक नसतं, कारण कॅमेऱ्यानं ते कधी पाहिलेलंच नाही.

कॉम्प्युटरच्या अभ्यासकांनीही प्रश्न असाच मांडला. २००० साली बर्तालमिओ, सापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इनपेंटिंग' हा शब्द या कामासाठी रूढ केला. तो त्यांनी जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडून घेतला होता. त्यांची रीत अशी: भोकाच्या कडेला येऊन थांबलेल्या रेघा आत वाढवत न्यायच्या. ओरखडा, फोटोवर लिहिलेली अक्षरं, यांसाठी ती उत्तम. मोठ्या भोकात मात्र नुसता धुरळा व्हायचा. मग ठिगळाची रीत आली. त्याच फोटोतला दुसरीकडचा मिळताजुळता तुकडा आणून शिवायचा. असे तुकडे झपाट्यानं शोधायची पॅचमॅच नावाची युक्ती २००९ साली निघाली, आणि २०१० च्या फोटोशॉपमध्ये 'कंटेंट-अवेअर फिल' आलं. त्याच्या चुका ओळखू येत: एकाच झाडाची फांदी दोनदा, एकच खिडकी दोनदा.

खरा फरक पडला तो त्यानंतर. २०१६ साली बर्कलीत दीपक पाठक आणि सहकाऱ्यांनी संगणकाला असंख्य चित्रं दाखवली. प्रत्येकातला एक भाग झाकायचा आणि विचारायचं, सांग इथे काय असेल? चुकला की सुधारायचं. अशा शिकवणीतूनच आजची साधनं उभी राहिली. २०२१ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनवर 'मॅजिक इरेझर' आलं, मे २०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये 'जनरेटिव्ह फिल' आलं. पूर्वीचं ठिगळ तुमच्याच कापडातलं होतं. आताचं कापड बाहेरून येतं, जगभरच्या लाखो परक्या फोटोंतून शिकलेल्या सवयीतून.

आता आमच्या नातीची अडचण सोडवू. सावली का राहिली? ब्रश फक्त माणसावर फिरला म्हणून. सावली, पाण्यातलं किंवा काचेतलं प्रतिबिंब, हे सगळं वस्तूबरोबर निवडावं लागतं. नवा माणूस का आला? यंत्रानं सावली पाहिली आणि अनुमान केलं: सावली आहे, अर्थी इथे कुणीतरी उभा असणारच. शेजारी अकरा माणसांची रांग. रांगेच्या टोकाला माणूस असतो, हेही त्यानं शिकलेलं. नैयायिकांचं 'धूर आहे तिथे अग्नी आहे' हेच ते! यंत्राचं चुकलं असं म्हणवत नाही. त्याला आपण जो पुरावा ठेवला, त्यावरून त्यानं बरोबर निष्कर्ष काढला.

आणखी काही गोष्टी सांगतो, लिहून घ्या. निवड अगदी चिकटून करू नका, बाहीची एक कड उरली तरी यंत्र तिला हात जोडतं. वस्तूच्या बाहेर थोडी जागा घ्या, पण फार नको, कारण जितकं जास्त पुसाल तितकं ते जास्त कल्पनेनं भरेल. एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात असेल तर सगळं एकदम करू नका, तुकड्यातुकड्यानं करा. साधी भिंत, आकाश, जमीन असेल तर ती जुनी ठिगळाची रीतच बरी, निदान कापड घरचं राहतं. जुन्या फोटोला दाणा असतो, कागदाला पोत असतो. नवा भाग गुळगुळीत येतो आणि डागासारखा दिसतो. म्हणून स्कॅन भरपूर बारकाईनं करा आणि शेवटी त्या भागावर दाणा चढवा. बरीचशी एआय साधनं फोटो कंपनीच्या सर्व्हरवर पाठवून काम करतात, घरातले फोटो देताना याचा विचार करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: मूळ स्कॅनला हात लावू नका. बदल वेगळ्या लेयरवर, वेगळ्या नावाच्या फाईलमध्ये.

इतकं केलं की तिसरा प्रयत्न जमतो. मग आम्हाला तो का टोचला?

आपल्याकडच्या न्याय-वैशेषिकांनी 'नसणं' या गोष्टीवर फार बारकाईनं विचार केला. ते म्हणतात, 'जमिनीवर घडा नाही' या वाक्यात नुसती मोकळी जमीन नाही. कशाचा तरी अभाव आहे, आणि तो कुठे तरी आहे. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त अभावाचे चार प्रकार येतात. त्यातले दोन आज आपल्या कामाचे. घडा होता आणि फुटला, हा प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रूप नाही, कधी नव्हतंच, हा अत्यंताभाव. घडा फुटला की खापऱ्या उरतात, त्यावरून घडा होता हे कळतं. आमच्या फोटोत भिंतीवर उरलेली सावली ही खापरी होती. तिसऱ्या प्रयत्नानं खापऱ्याही झाडून नेल्या. 'होता आणि गेला' याचं त्यानं 'कधी नव्हताच' करून टाकलं. पहिल्या दोन फोटोंत यंत्र फसलं होतं, म्हणून ते खरं बोलत होते.

आणि हे आता मागितल्याशिवायही होऊ लागलं आहे. फोटोशॉपमध्ये २०२४ पासून एक सोय आहे: लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी आपोआप शोधून काढायच्या. त्या गोष्टी कोणत्या? विजेच्या तारा आणि मागची माणसं. आता संध्याकाळी व्हरायटी चौकाकडून बर्डीच्या मेन रोडचा एक फोटो काढा आणि त्यातून तारा आणि माणसं काढा. फेरीवाले गेले, खरेदीला आलेल्या बायका गेल्या, मोदी नंबर तीनच्या गल्लीतून बाहेर पडणारी पोरं गेली. उरलं काय? दुकानांच्या पाट्या. तिला बर्डी म्हणाल? इथून थोड्याच अंतरावर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्या दिवसाच्या फोटोंत 'मागची माणसं' हीच तर घटना आहे. ज्याला यंत्र अडथळा समजतं, तो इतिहासकाराचा पुरावा असतो.

यावर उपाय शोधणारेही आहेत. २०२१ साली काही कंपन्या आणि बीबीसीसारख्या संस्थांनी मिळून एक मानक आखायला घेतलं, की फोटोत काय बदल झाले याची नोंद फोटोबरोबरच राहावी. चांगलं आहे. पण फोटो या मोबाईलवरून त्या मोबाईलवर जाताना अशी नोंद सहज गळून पडते. म्हणून घरचा उपाय सांगतो: फोटोखाली एक ओळ लिहा, काय काढलं आणि कुणी काढलं. आपले जुने फोटो पुठ्ठ्यावर नावं वागवत आलेच आहेत, त्यात आणखी एक ओळ.

पण मित्रहो, नावांचं बोललो आणि इथेच आमची पंचाईत होते. त्या पुठ्ठ्यावर प्राध्यापकांची नावं होती, आम्हा अकरा जणांची होती. शिपाईकाकांचं नव्हतं. ते उगाच फोटोत आले नव्हते, खुर्च्या त्यांनीच मांडल्या होत्या, आणि फोटोग्राफरनंच त्यांना "तुम्हीही या" म्हटलं होतं. नातीनं विचारलं, "खाली नाव तर नाही," तेव्हा ती पुठ्ठ्याचाच पुरावा देत होती. यंत्रानं त्यांना यंदा काढलं, आम्ही १९७२ सालीच काढलं होतं. एआयला दोष देऊन आम्हाला सुटता येत नाही.

आम्ही नातीला तिसरी फाईल पुसायला सांगितली आणि मूळ स्कॅनच सगळ्यांना पाठवला. सोबत विचारलं, काकांचं नाव कुणाला आठवतं का? त्यांचा चहा सगळ्यांना आठवला. तास संपल्याची घंटा द्यायला ते नेमकं कधी विसरायचे, तेही आठवलं. नाव एकालाही सांगता आलं नाही. दोन वर्षं रोज त्यांना हाक मारली, ती 'काका' म्हणून.

भेटीच्या दिवशी फोटो भिंतीवर लावला तेव्हा नावांच्या खाली नातीच्या अक्षरात एक ओळ होती: 'उभे, उजवीकडे टोकाला: विभागाचे शिपाई. त्यांचं नाव आम्ही विचारलं नाही.'

आज घरी गेल्यावर कपाटातले जुने फोटो काढा. टोकाला उभ्या असलेल्या माणसाचं नाव सांगू शकेल असं कुणी घरात अजून असेल, तर आजच विचारून घ्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.